आकडा पडेल तिथे खुंटी

मी दहावीत होते त्या वर्षी आमच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटायची. सकाळी माय बाजरीच्या कण्या शिजवायची. त्याच दुपारी, आणि उरल्या तर संध्याकाळी. पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. दोंडाईच्यापासून पायी दीड तासावर आमचं गाव. शिवारातल्या विहिरींना पोळ्यापर्यंत तळ दिसायला लागला होता. मोठा भाऊ शाळा सोडून सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेला होता. म्हैस मामाच्या गावी नेऊन बांधली होती, कारण तिच्यापुढे टाकायला काही नव्हतं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. गावात बहुतेकांचं असंच होतं आणि काहींचं आमच्याहून वाईट होतं.

मात्र पाहुणा आला की घर बदलायचं. दारात माणूस दिसला की माय फाटक्या गोधड्या आतल्या खोलीत ढकलायची. पेटीतली एकुलती एक धड सतरंजी बाहेर यायची. डब्याच्या तळाशी दादर ज्वारीचं थोडं पीठ फक्त त्यासाठीच राखलेलं असायचं. पांढरीशुभ्र भाकरी पाहुण्याच्या ताटात पडायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी बसून म्हणायचे की मी आत्ताच जेवलो. आपल्याकडे काही नाही हे बाहेरच्याला दिसता कामा नये, हा आमच्या घरचा कायदा होता. आमच्या भागात तो बहुतेक घरांचा होता. मी त्याला नावं ठेवत नाही. मी त्याच कायद्यात वाढले आणि आजही माझ्या दारात कोणी आलं तर मी तेच करते. पण त्या वर्षी याच कायद्याने आमचा घात केला.

आमचं वावर चार बिघ्यांचं. बराचसा भाग मुरमाड, चढाचा. नाल्याच्या बाजूला एक कोपरा मात्र खोल काळ्या मातीचा होता. त्या कोपऱ्यात आबा दरवर्षी शेणखताची गाडी रिती करायचे. सगळ्या वावराला पुरेल एवढं खत कधी नसायचंच, मग जिथे पिकतं तिथेच घातलेलं बरं, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे त्या सालीही चढावरची बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली होती, कणसांत दाणा नव्हता, आणि नाल्याकाठच्या कोपऱ्यात मात्र माणूस लपेल अशी बाजरी उभी होती. वाटेने जाणारे थांबून बघायचे. आबांना ते आवडायचं.

त्या वर्षी गावाचं सगळं लक्ष एका आकड्याकडे होतं. सरकार दरवर्षी प्रत्येक गावाचं पीक ठरवतं. नेहमीच्या वर्षीचं पीक म्हणजे रुपया धरायचा आणि यंदाचं त्यातलं किती पैसे, ते काढायचं. पन्नास पैशांच्या आत आकडा आला तर गाव दुष्काळी यादीत. मग सारा थांबतो, पोरांची परीक्षेची फी माफ होते, आणि मुख्य म्हणजे गावाजवळ खडी फोडायचं, नाला बांधायचं काम निघतं. काम निघालं तर लोक गावात राहणार. नाही निघालं तर बायकापोरांसकट ऊस तोडायला गुजरातेत जाणार. आमच्या वर्गात गावच्या आम्ही दोघीच मुली दहावीपर्यंत आलो होतो. दुसरीच्या घरी ठरलंच होतं की काम निघालं तर ती परीक्षेला बसेल, नाही तर आईबापाबरोबर जाईल. ती मला रोज विचारायची की आकडा कधी कळतो.

हा आकडा काढण्यासाठी गावातली काही मोजकी वावरं निवडून तिथे पीक कापून, मळून, वजन करतात. त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्या वर्षी निवडलेल्या वावरांत आमचं होतं.

ग्रामसेवक सायकलवरून आले. कॅरिअरला दोरीचं वेटोळं, चार खुंट्या, एक ताणकाटा. बिचारे दमलेले होते, सकाळपासून दुसऱ्या गावचा एक प्रयोग उरकून आले होते. आबांनी त्यांच्यासाठी बांधावर सतरंजी अंथरली. मायने गूळ-पाणी दिलं. ग्रामसेवकांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. त्यावर नुसते आकडेच आकडे, ओळीने. मी सोडून तिथे घरचं वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून ते मला म्हणाले की या ओळीतले आकडे मोठ्याने वाच. मी वाचले. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीला सत्तेचाळीस पावलं, तिथून आत रुंदीला बावीस. ग्रामसेवक पावलं मोजत चालले, त्यांच्या मागे आबा, मागे आम्ही. बाविसावं पाऊल पडलं ते करपलेल्या बाजरीत. त्यांनी खुंटी ठोकायला दगड उचलला.

आबा त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, साहेब, इथे नको, इथे दगड आहे, तिकडे नाल्याकडे या. ग्रामसेवक म्हणाले की आकडा इथला पडलाय. आबा म्हणाले, वावर तेच आहे ना? माझ्या वावरातून माझ्याच वावरात तर चाललोय. बोलताना त्यांनी खाली पाहिलं, तर पायाशी बाजरीचं हातभर ताट आणि त्याच्या टोकाला मुठीएवढंही नसलेलं कणीस. सरकार म्हणजे त्यांच्या लेखी दारी आलेला पाहुणाच. मग ते आमच्या बोलीत, स्वतःशीच बोलावं तसं बोलले.

"सरकार मन्हा दार उनं, आनि त्याले मी हाई मरेल कणीस दखाडू?"

माय मागून म्हणाली, "जठे पडनं तठेच ऱ्हाऊ द्या."

एवढंच. तिला त्या कागदातलं काही कळत नव्हतं. पण आमच्याकडे भावांची वाटणी होते तेव्हा चिठ्ठ्या टाकतात, आणि पडलेली चिठ्ठी पुन्हा टाकत नाहीत, हे तिला माहीत होतं. आबांनी मागे वळूनही बघितलं नाही.

ग्रामसेवकांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा नाल्याकाठच्या सावलीकडे. दगड खाली टाकला आणि आबांच्या मागे निघाले. मी वाचलेले आकडे माझ्या तोंडात होते. मी बोलू शकत होते. बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर मला बोलावंसंही वाटलं नाही. मलाही तो कोपराच दाखवायचा होता.

काळ्या मातीत खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आतली बाजरी कापली, तिथेच खळं करून बडवली, वजन केलं. ताणकाट्याचा काटा खाली जाताना आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्या दोन वर्षांत पाहिला नव्हता. ग्रामसेवकांनी फॉर्म भरला. वावराच्या मालकाची किंवा घरच्या साक्षीदाराची सही हवी होती. आबांनी अंगठा पुढे केला आणि मग मागे घेतला. म्हणाले, आमची पोर सही करते. साक्षीदार म्हणून मी सही केली. आमच्या घराण्यात सरकारी कागदावर झालेली ती पहिली सही.

दिवाळीनंतर यादी लागली. शेजारची दोन्ही गावं तीत होती. आमचं नव्हतं. आकडा पन्नासच्या थोडा वर गेला होता.

पंधरा दिवसांत अर्धं गाव रिकामं झालं. माझ्याबरोबरची ती मुलगी जाताना मला तिची भूमितीची वही देऊन गेली, म्हणाली मला आता काय करायची. ती पुन्हा शाळेत आली नाही. खुंटी सरकवल्याची गोष्ट लपून राहणार नव्हतीच, शेजारच्या वावरातल्या लोकांनी पाहिलं होतं. कोणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. आबा दुसऱ्या गावच्या कामावर नाव घालायला निघाले तेव्हा पारावर बसलेल्यांपैकी एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"आबा, तुमना घर ते सुकाळ शे. तुमले कसाले काम जोयजे?"

बाकीचे हसले. आबा तिथूनच घरी परत आले आणि कामावर गेलेच नाहीत. त्यानंतर गावात कुठे सुकाळ हा शब्द निघाला की लोक आमच्या घराकडे बघायचे. लग्नाच्या पंगतीत आबांच्या ताटाशी कोणी म्हणायचं, यांना वाढू नका, यांच्याकडे भरपूर आहे. थट्टाच ती. पण वर्षानुवर्षं चाललेली थट्टा माणसाला खाली बसवते. आबा हळूहळू पारावर जायचे बंद झाले, मग लग्नांना जायचे बंद झाले. आमच्या घरी पाहुणेही कमी झाले, आणि सतरंजी पेटीतच राहिली.

मला मात्र त्यांनी शिकवलं. दहावीला मी चांगल्या मार्कांनी पास झाले. बारावी दोंडाईच्याला केली आणि धुळ्याला कॉलेजात नाव घातलं. आमच्या चुलत्यामालत्यांत कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं, पुरुषही नाही. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. मी संख्याशास्त्र घेतलं. लोक विचारायचे हे काय असतं, तर मी सांगायचे मोजायचं शास्त्र. विषय निवडण्याचं खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. मला तो आकड्यांचा कागद समजून घ्यायचा होता. सत्तेचाळीस आणि बावीस कुठून आले, आणि ते पाळले नाहीत तर नेमकं काय बिघडतं.

प्रयोगांची आखणी हा पेपर शिकवायला एक म्हातारे सर होते, निवृत्तीला आलेले. रावेरकडचे, केळीच्या बागांमधले. फळ्यावर कमी लिहायचे, गोष्टी जास्त सांगायचे. त्यांनी आम्हांला आधी हे सांगितलं की ही कल्पना जुनी नाही. वाण तपासणं, खत तपासणं माणूस शेकडो वर्षं करतोय, पण चिठ्ठी टाकून तपासावं हे त्याला फार उशिरा सुचलं. पूर्वीचे शेतकी शास्त्रज्ञ वाफे ओळीने लावायचे. पहिला वाण, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा पहिला. दिसायला नीटनेटकं. पण जमीन एका बाजूला उतरती असली की प्रत्येक फेरीत पहिला वाण वरच्या अंगाला आणि चौथा खालच्या अंगाला. मग वाण जिंकला की उतार जिंकला, सांगता येत नाही. शिवाय ज्याने नवा वाण काढला त्याचा त्यावर जीव असतो. तो मुद्दाम लबाडी करत नाही. पण वाफा निवडताना त्याचा पाय चांगल्या मातीकडे वळतो.

मग इंग्लंडातल्या एका जुन्या शेतकी केंद्रावर एक गणिती आला. तिथे कित्येक वर्षांच्या गव्हाच्या नोंदी पडून होत्या. त्या चाळताना त्याच्या लक्षात आलं की मातीचा फरक कितीही हुशारीने सांभाळला तरी काहीतरी सुटतंच, आणि काय सुटलं ते आपल्याला माहीत नसतं. तेव्हा वाफे कोणी निवडायचेच नाहीत. नशिबावर सोडायचे. म्हणजे निदान चूक किती असू शकते ते मोजता येतं. त्याचाच एक जवळचा माणूस, दारूच्या कारखान्यात बार्लीचं गणित बघणारा, त्याला हे पटलं नाही. तो म्हणायचा, मला दिसतंय की डावीकडची जमीन चांगली आहे, मग मी डोळे मिटून चिठ्ठी का टाकू? विचार करून समतोल मांडणी का करू नको? दोघं शेवटपर्यंत यावर भांडले आणि शेवटपर्यंत मित्र राहिले.

सर चहाची गोष्टही सांगायचे. एक बाई म्हणाली, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, ते मी चवीवरून ओळखते. लोक हसले. गणिती हसला नाही. त्याने आठ कप मांडले आणि कुठला कप कधी द्यायचा ते नशिबावर सोडलं, म्हणजे बाईला क्रमावरून अंदाज बांधता येऊ नये. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, सर, आमच्याकडे दूध असतंच कुठे. वर्ग हसला, सरही हसले. म्हणाले, तुझ्यासाठी वजनाचा प्रयोग आहे. याच्याही बऱ्याच आधी अमेरिकेत एकाने पत्ते पिसून प्रयोग केला होता. हातातल्या दोन वजनांतला बारीक फरक माणसाला कळतो का, ते बघायला. जड वजन कधी द्यायचं ते पत्ता ठरवायचा.

मग त्यांनी आपल्याकडचं सांगितलं. पूर्वी साहेबाचा माणूस घोड्यावरून फिरून पीक नजरेने ठरवायचा. स्वातंत्र्याच्या आसपास आपल्याच देशातल्या गणित जाणणाऱ्या लोकांनी वावर आकड्याने निवडायचं, आणि वावरातली जागाही आकड्यानेच, अशी पद्धत बसवली. दोरीचा चौकोन केवढा असावा यावर त्यांच्यातही वाद झाले. लहान चौकोन घेतला की पीक नेहमी जास्त भरायचं. कारण काय, तर दोरीवर आलेलं रोप आत की बाहेर हे कापणारा ठरवतो, आणि त्याचा हात भरलेलं रोप आत ओढतो. सगळ्या देशात, सगळ्या पिकांत.

हे ऐकताना माझं लिहिणं थांबलं. मला इतके दिवस वाटत होतं की असं फक्त आमच्या वावरात घडलं.

सर शेवटी डॉक्टरांकडे वळले. महायुद्धानंतर क्षयाच्या नव्या औषधाची परीक्षा झाली. औषध थोडं, रोगी फार. कोणाला द्यायचं ते आधीच बंद पाकिटांत ठरवलेलं. पुढे अशा परीक्षा वाढल्या तेव्हा कळलं की काही डॉक्टर पाकीट उजेडासमोर धरून आतलं वाचतात, आणि ज्या रोग्याची कीव येते त्याला औषधाचं पाकीट देतात. चांगलेच लोक होते ते. पण त्यामुळे औषध खरंच लागू पडलं का, ते कळेनासं झालं.

मी उभी राहिले. एरवी मी वर्गात बोलत नसे, माझ्या बोलण्यात गावची बोली यायची आणि शहरातल्या मुली तोंड लपवून हसायच्या. मी विचारलं, "सर, दया आली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून कोणी बदललं तर?"

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "लाज हे सगळ्यांत जुनं कारण आहे. पुस्तकात ते लिहीत नाहीत."

त्या वर्षी आम्हांला स्वतः एक प्रयोग मांडायचा होता. कॉलेजच्या मागे जमिनीचा तुकडा होता, भुईमुगाचे चार वाण द्यायचे होते. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात चार वाफे. मी स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकून काढल्या. एक वाण चारपैकी तीन पट्ट्यांत कडेच्या वाफ्यात पडला, जिथे गटाराचं खारट पाणी झिरपायचं. माझ्याबरोबरचे म्हणाले, हे बरं दिसत नाही, पुन्हा टाक. चिठ्ठ्या नीट हलवल्याच नाहीस तू. मी म्हणाले, नाही टाकत. ते म्हणाले, अगं वाण मरेल. मी म्हणाले, मरू दे. माझा आवाज चढला असावा.

भुईमूग हातभर असताना आबा धुळ्याला आले. मायने बाजरीचं पीठ आणि मिरच्यांचं लोणचं पाठवलं होतं. ते एसटीने क्वचितच यायचे. त्यांना शहराची धास्ती वाटायची. वसतिगृहाच्या फाटकात पुरुषांना थांबू देत नसत, म्हणून मी त्यांना मागे वाफे दाखवायला नेलं. त्यांनी बघायला फार वेळ घेतला नाही. शेतकऱ्याला लागत नाही. कडेच्या वाफ्यातल्या पिवळ्या पडलेल्या रोपाचं पान चोळून म्हणाले, हा वाण मुळात चांगला आहे, याला इथे कोणी लावलं?

मी त्यांना सांगितलं. सगळंच सांगितलं, आमच्या बोलीत, कारण पुस्तकी भाषेत ते सांगता येत नव्हतं. उतार, चिठ्ठ्या, चहा, पाकिटं, दोरीवरचं रोप. ते बांधावर उकिडवे बसून ऐकत होते. मला वाटलं त्यांना कंटाळा आला. मग त्यांनी विचारलं, म्हणजे आपली खुंटी पडली तिथेच राहिली असती तर गाव यादीत आलं असतं का?

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच त्याबद्दल बोलत होते. मी घाईघाईने म्हणाले, "एक खुंटीनी काय व्हस, आबा?"

ते हसले. हसण्यासारखं तोंड केलं, एवढंच.

"मंग येवढा गावेगाव हिंडीसन चिठ्ठ्या कसाले टाकतस?"

  गावात प्रयोग अनेक वावरांत झाले होते, आमचा त्यातला एक. आकडा पन्नासच्या थोडासाच वर होता. आमचं वजन खरं असतं तर तो खाली आला असता की नाही, हे सांगायला बाकीची वजनं लागतात. पुढे नोकरीत आल्यावर मी ती शोधली. जुन्या फायली कचेरीच्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यामुळे पुढे संख्याशास्त्राची पदवीधर होऊनही मला माझ्या बापाला सांगता आलं नाही की तुम्ही गाव उठवलंत की नाही. आबा त्या दिवशी धुळ्याहून संध्याकाळच्या एसटीने परत गेले. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. एवढं मात्र झालं की पुढच्या सालापासून ते शेणखताची गाडी नाल्याकाठी रिती करेनात. टोपल्या भरभरून सगळ्या चढावर पसरायचे. सगळीकडे थोडं थोडं पडायचं आणि कुठेच काही नीट यायचं नाही. मायने त्यांना एकदा त्यावरून टोकलं, तर म्हणाले, असू दे, कुठूनही बघितलं तरी सारखंच दिसेल.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी ते गेले. तिरडीला माणसं आली, पण पारावरचे म्हातारे आले नाहीत.

नोकरी शेतीखात्यात, जळगाव जिल्ह्यात. पीक कापणीच्या प्रयोगांची तपासणी हेच काम. मुद्दाम मागून घेतलं नव्हतं, पण मिळालं तेव्हा नाही म्हणाले नाही. पहिल्या दोन हंगामांतच मला दिसलं की आबा एकटे नव्हते. कोणी चांगला कोपरा दाखवायचा, अब्रूसाठी. कोणी करपलेला दाखवायचा, यादीसाठी. ग्रामसेवक, तलाठी घाईत असायचे, आकडा वावरात जाऊन बांधावर बसून काढायचे. तिथे फक्त मालक असतो. मग आकडा कुठला पडला होता आणि खुंटी कुठे ठोकली, हे दोघांतच राहतं, आणि बोट शेवटी मालकाकडेच दाखवलं जातं.

मी माझ्याकडच्या गावांत एक गोष्ट सुरू केली. नियमात ती नव्हती आणि नियमाविरुद्धही नव्हती. वावरात जाण्याआधी चावडीसमोर लोकांना जमवायचं. आकड्यांचा कागद सगळ्यांपुढे उघडायचा. गावातल्याच कोणालातरी, शाळेत जाणारी मुलगी असली तर तिलाच, आकडे मोठ्याने वाचायला सांगायचे, मग ते फळ्यावर खडूने लिहायचे आणि फळा घेऊनच वावरात जायचं. सुरुवातीला फार चेष्टा झाली. अक्का आल्या मटका काढायला, असं म्हणायचे. एका गावात चहावाल्याने मला खरंच विचारलं की ओपन काय लागेल. माझे वरिष्ठ म्हणाले, एका दिवसाच्या कामाला तुम्ही दोन दिवस लावता. मी म्हणाले, लावते.

नव्वद सालानंतरच्या एका कोरड्या वर्षी अमळनेरच्या बाजूच्या एका गावात आकडा असाच फळ्यावर लिहिला आणि निघालो. वावर एका मध्यमवयीन माणसाचं. बाकी सगळी ज्वारी वाळलेली, विहिरीलगत मात्र एक पट्टा हिरवा. मागे पन्नास-साठ माणसं. पावलं मोजत गेलो, तर शेवटचं पाऊल त्या हिरव्या पट्ट्यात पडलं.

लोक थांबले. सरपंच पुढे आले, हात जोडून म्हणाले की अक्का, दहा पावलं मागे घ्या, आमचं गाव वाचेल. खोटं काही नाही, सगळं वावर तर वाळलेलंच आहे, तुम्हीच बघा. ते खरं होतं. मला दिसत होतं. त्या सगळ्या गर्दीत, दहा पावलं म्हणजे काय हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू ते आपलीच शे ना, बाई? तुले कळत नही का?"

मी म्हणाले, "कळस, माय." आणि खुंटी ठोकली.

मला ते सोपं गेलं नाही. दगड एकदा बोटावर बसला. मी मनाशी म्हणत होते की आज दयेने दहा पावलं मागे घेतली तर उद्या लाजेने पुढे घेणाऱ्याला काय सांगणार. बाकीच्या वावरांतही आकडा पडेल तिथेच ठोकतोय, सगळ्यांचं मिळून खरं काय ते निघेल. पण समोर उभ्या माणसांना त्याचा काय उपयोग. वजन झालं, फॉर्म भरला. निघताना सरपंचांनी चहाला विचारलं नाही.

त्या गावाचा आकडा पन्नासच्या वर आला. काम निघालं नाही, आणि बरीच घरं त्या वर्षी बाहेर गेली. मला त्या गावात शिव्या बसल्या. तक्रार झाली, माझी चौकशी झाली, कागद बरोबर निघाले म्हणून ती बंद झाली.

यादी लागल्यावर महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी मी पुन्हा त्या गावी गेले. एसटी थांब्यावर माणसं बसली होती. माझ्याकडे बघून त्यांनी तोंडं फिरवली. ज्याच्या वावरात खुंटी पडली होती तो माणूस त्यांच्यातच बसलेला होता. कोणीतरी त्याला तंबाखू मळून दिली, त्याने घेतली, आणि ते पुन्हा आपापसांत बोलू लागले. त्याला कोणी काही म्हणालं नव्हतं, कारण आकडा सगळ्यांनी ऐकला होता.

माझ्याकडची सगळी गावं तीन वर्षांत फळ्यावर आकडा लिहून प्रयोग करायला लागली. मी बदलून गेल्यावरही ती पद्धत काही गावांत टिकली.